पृथ्वी पाहणारं नवं उपकरण: आधी पडताळा ठरवा, मग घडवा

उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यांच्या चाचण्या करण्यात माझी सोळा वर्षं गेली. एखादा गट नव्या उपकरणाची आकृती घेऊन येतो, तेव्हा मी पहिला प्रश्न एकच विचारते: हे उपकरण उद्या चुकीचं मोजायला लागलं, तर ते तुम्हाला कळणार कशावरून? तोवर बहुतेकांची भिंगं निवडून झालेली असतात, डिटेक्टर (प्रकाश टिपणारा भाग) ठरलेला असतो, कधी कधी उपग्रहाचं नावही ठेवून झालेलं असतं. माझ्या प्रश्नाला मात्र उत्तर नसतं.

टेबलावरचं यंत्र बिघडलं तर झाकण उघडून बघता येतं. कक्षेत गेलेलं पुन्हा हाताला लागत नाही, तिथून येतात ते फक्त आकडे. त्या आकड्यांवरून कुणी पुराचं पाणी कुठवर आलं ते ठरवणार, कुणी पिकाची स्थिती, कुणी तुटलेलं जंगल. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मोजमापाला दुसरं, त्याच्याशी संबंध नसलेलं मोजमाप जोडून द्यायचं. मी त्याला पडताळा म्हणते. पुढचं सगळं एका लहान, आठ रंगपट्ट्यांच्या कॅमेऱ्याचं उदाहरण धरून सांगते. रडार किंवा रेडिओमीटर (नैसर्गिक उत्सर्जन मोजणारं उपकरण) करत असाल तर आकडे बदलतील, रीत तीच.

प्रश्न आकड्यात मांडा

‘पिकांचं निरीक्षण’ हा विषय झाला. प्रश्न असा हवा: १० मीटरच्या तुकड्यावर, आठवड्यातून एकदा, पानांतलं हरितद्रव्य कमी होतंय की नाही हे सांगता येईल का, आणि त्यासाठी जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश ५ टक्क्यांच्या आत मोजता येईल का? हे वाक्य कागदावर आलं की बाकीचं गणित आपोआप सुरू होतं.

समजा उपग्रह ५०० किमी उंचीवर आहे, डिटेक्टरचा पिक्सेल ५.५ मायक्रॉनचा आहे. उंचीला पिक्सेलने गुणा, १० मीटरने भागा: फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, आली २७५ मि.मी. भिंगाचा व्यास ९० मि.मी. धरला तर लाल प्रकाशात विवर्तनामुळे (प्रकाश कडेला पसरल्यामुळे) येणारी मर्यादा जमिनीवर साडेचार मीटरच्या आसपास बसते, म्हणजे तिथे अडचण नाही. अडचण वेळेची आहे. उपग्रहाखालची जमीन सेकंदाला सुमारे ७ किमी वेगाने मागे सरकते, म्हणून १० मीटरची एक ओळ टिपायला १.४ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पिक्सेलमध्ये १०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर प्रकाशाचा स्वतःचाच चढउतार १०० इलेक्ट्रॉनांचा असतो, म्हणजे १ टक्का. १,००० जमले तर तोच चढउतार ३ टक्क्यांवर जातो आणि तुमच्या ५ टक्क्यांतला बराचसा भाग तिथेच संपतो. अरुंद रंगपट्टे निवडताना हे लक्षात ठेवा: पट्टा जितका अरुंद, तितका प्रकाश कमी.

मग डेटाचा हिशेब. ओळीत ४,००० पिक्सेल, आठ पट्टे, प्रत्येक मोजमाप १२ बिटांचं: सेकंदाला सुमारे २७० मेगाबिट तयार होतात. खाली पाठवण्याचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असेल आणि ग्राउंड स्टेशनवरून उपग्रह ८ मिनिटं दिसत असेल, तर एका फेरीत उतरवता येईल एवढं चित्रण फक्त ३ मिनिटांचं. त्यातही पृथ्वीचा साधारण दोन तृतीयांश भाग कुठल्याही क्षणी ढगांखाली असतो. युरोपीय अवकाश संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये सोडलेल्या ‘फाय-सॅट-१’ प्रयोगात हीच गोष्ट हाती घेतली होती: ढगाळ चित्रं उपग्रहावरच ओळखायची आणि खाली पाठवायचीच नाहीत. असं काही करणार असाल तर टाकून दिलेल्या चित्रांपैकी काही मुद्दाम खाली आणा. नाहीतर उपग्रहाने खरोखर ढगच टाकले की ढगासारखं दिसणारं वाळवंट, हे कधीच कळणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट नवी

यासाठी ‘ईओ-१’ला मागे टाकेल असं दुसरं उदाहरण मला अजून दिसलेलं नाही. नासाने २१ नोव्हेंबर २००० रोजी हा उपग्रह सोडला आणि तो लँडसॅट-७ या आधीपासून पृथ्वीची चित्रं घेणाऱ्या उपग्रहाच्या मागोमाग, एका मिनिटाच्या अंतरावर ठेवला. तीच जमीन, तोच सूर्य, तीच हवा, आणि शेजारी ज्याची खात्री आहे असा जुना कॅमेरा. ‘ईओ-१’वरच्या ‘एएलआय’ या नव्या कॅमेऱ्यात हलता आरसा नव्हता, तो एका दमात पूर्ण ओळ टिपायचा. त्याच्या दुर्बिणीला १५ अंशांचं क्षेत्र दिसत होतं, पण डिटेक्टर बसवले होते फक्त ३ अंशांएवढे. म्हणून लँडसॅटला दिसणारा जमिनीचा पट्टा १८५ किमीचा आणि याचा ३७ किमीचा. सिद्ध काय करायचं होतं? रुंद दुर्बीण आणि नवे डिटेक्टर एकत्र नीट काम करतात का. त्यासाठी एक पंचमांश भाग पुरेसा होता, उरलेले चार भाग भरण्यात वेळ आणि पैसा घालवलाच नाही. २०१३ मध्ये लँडसॅट-८ गेला तो याच पद्धतीचा कॅमेरा घेऊन. आणि एका वर्षासाठी पाठवलेला ‘ईओ-१’ २०१७ पर्यंत काम करत राहिला.

तुमच्या आकृतीवर बसून प्रत्येक भागापुढे लिहा: कक्षेत जाऊन आलेला, फक्त प्रयोगशाळेत चाललेला, की अजून कागदावरच असलेला. तिसऱ्या प्रकारचे दोन भाग एकाच उपकरणात आले तर मी थांबवते. बिघाड झाला की दोष कुणाचा ते सांगता येत नाही, आणि तंत्रज्ञान-चाचणीचा हेतूच वाया जातो. नवा डिटेक्टर असेल तर वीजपुरवठा जुना, ओळखीचा घ्या. नवी आज्ञावली असेल तर कॅमेरा जुना घ्या.

शेजारी लँडसॅटसारखा आधार प्रत्येकाला मिळतोच असं नाही. पण दोन नवखी उपकरणंही एकमेकांचा पडताळा होऊ शकतात. २०१८ मध्ये ‘रेनक्युब’ हा सहा युनिटांच्या क्युबसॅटमध्ये (ठोकळे जोडून केलेल्या छोट्या उपग्रहात) बसवलेला पावसाचा रडार आणि ‘टेम्पेस्ट-डी’ हा रेडिओमीटर, दोघेही पहिल्यांदाच उडत होते. सप्टेंबरच्या अखेरीस दोघे ‘ट्रामी’ या टायफूनवरून काही मिनिटांच्या फरकाने गेले. एक स्वतः लहरी पाठवून परत आलेला प्रतिध्वनी मोजणारा, दुसरा ढगातून येणारं उत्सर्जन मोजणारा. पद्धती इतक्या वेगळ्या की दोघांची चूक एकाच ठिकाणी होणं अवघड, आणि दोघांनाही जोरदार पाऊस एकाच जागी दिसला.

कक्षेत जाण्याआधी जमेल तर विमानातून उडवा. हायपरस्पेक्ट्रल (शेकडो अरुंद रंगपट्ट्यांच्या) कॅमेऱ्यांचा आजचा अनुभव ‘अ‍ॅव्हिरिस’ या विमानावरच्या उपकरणापासून साठत आला आहे, ते १९८०च्या दशकात उडू लागलं. विमान खाली उतरतं, आणि सैल झालेला स्क्रू तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. छोट्या उपकरणांसाठी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा हाही एक मार्ग झाला आहे: उपग्रह सोडून झाल्यावर तो टप्पा ‘पोएम’ या नावाने प्रयोगांचं व्यासपीठ म्हणून कक्षेत वापरतात, या नावाने पहिल्यांदा २०२२ मध्ये वापरला.

हादऱ्यांची चाचणी

इथे मी थोडक्यातच सांगते, कारण ही चाचणी बहुतेक जण नीट करतात. रॉकेट अजून ठरलेलं नसेल तर लहान उपकरणांसाठी नासाच्या सर्वसाधारण मानकातला आलेख घेतात: पात्रता चाचणीला १४.१ जी आरएमएस (हादऱ्यांचा सरासरी जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत), प्रत्येक अक्षावर २ मिनिटं. मोठ्या हादऱ्यांच्या आधी आणि नंतर एक हलका स्वीप (कंपनांची वारंवारता हळूहळू वाढवत नेणारी चाचणी) घ्या आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. शिखर २१२ हर्ट्झवरून १९६ वर आलं असेल तर आत काहीतरी हललं आहे, बाहेरून उपकरण कितीही ठणठणीत दिसो. उघडा, शोधा, मगच पुढे जा.

निर्वातातल्या सहा रात्री

थर्मोव्हॅक चाचणीवर, म्हणजे उपकरण निर्वातात ठेवून तापमान बदलत केलेल्या चाचणीवर, मी जास्त लिहिणार आहे, कारण चांगले कॅमेरे इथेच घसरताना मी पाहिले आहेत.

आमच्या एका कॅमेऱ्याची नळी कार्बन फायबरची होती. हलकी, ताठ, तापमानाने जवळजवळ न बदलणारी. टेबलावर फोकस उत्तम लागला. चाचणीसाठी चेंबरच्या खिडकीबाहेर कॉलिमेटर (खूप दूरून आल्यासारखे समांतर किरण देणारं यंत्र) ठेवला होता आणि त्यातून एका तिरप्या धारेची प्रतिमा कॅमेऱ्यावर पडत होती. काळ्याकडून पांढऱ्याकडे जायला धारेला किती पिक्सेल लागतात, यावरून फोकस कळतो. हवा काढल्यावर फोकस थोडा सरकला. ते अपेक्षित होतं. हवेचा वक्रीभवनांक १ पेक्षा किंचित जास्त असल्यामुळे भिंगांच्या कॅमेऱ्याचा फोकस निर्वातात बदलतो, आणि ती सरक आम्ही आधीच गणितात धरली होती. पहिल्या रात्री धार १.६ पिक्सेलची होती. सगळे खूश.

दुसऱ्या रात्री १.८. तिसऱ्या रात्री दोन वाजता २.०. तापमान पूर्ण स्थिर होतं, मी थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या) नोंदी तीनदा तपासल्या. कॉलिमेटर हलला असेल म्हणून बाहेरून वेगळ्या दुर्बिणीने तो पाहिला, तो जागेवर होता. सहाव्या रात्री धार २.३ पिक्सेलवर येऊन थांबली. आलेख काढला तर आधी उतार तीव्र आणि मग हळूहळू सपाट होत गेलेला. कपडा वाळताना त्याचं वजन जसं उतरत जातं, तसाच तो आकार होता.

तिथेच धागा सापडला. त्याच बनावटीच्या नळीचा उरलेला तुकडा कपाटात होता. तो वजन करून छोट्या निर्वात भांड्यात ठेवला आणि रोज तोलला. वजन कमी होत होतं, आणि उतरण्याचा वेग कॅमेऱ्याच्या आलेखाशी जुळत होता. नळीतल्या रेझिनने (तंतू जोडणाऱ्या गोंदासारख्या द्रव्याने) महिनोन्‌महिने हवेतली आर्द्रता शोषली होती. निर्वातात पाणी बाहेर पडलं आणि नळी आखडली. २७५ मि.मी. लांबीत दशलक्षात ५० भाग आखडलं तरी १४ मायक्रॉन होतात. आणि आमच्या कॅमेऱ्याची फोकसची मुभा होती जेमतेम १२ मायक्रॉन.

उपाय अवघड नव्हते, वेळेवर कळणं महत्त्वाचं होतं. नळी जोडण्याआधी निर्वातात तापवून सुकवायची. नंतर ती उघड्या हवेत ठेवायची नाही, कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवायचा. आणि जमिनीवर फोकस लावताना सुकल्यानंतरच्या लांबीचा हिशेब करून तो मुद्दाम तेवढा बाजूला लावायचा, म्हणजे कक्षेत गेल्यावर बरोबर येईल. तेव्हापासून मी कार्बन फायबरसारख्या प्रत्येक संमिश्र भागाचा हातभर तुकडा बाजूला ठेवायला लावते, पिशवीवर बॅच क्रमांक आणि तारीख लिहून. आणि थर्मोव्हॅकमध्ये आलेख सपाट होईपर्यंत चाचणी थांबवत नाही, वेळापत्रकात ४८ तास लिहिलेले असले तरी.

निर्वाताचा दुसरा धोका म्हणजे बाहेर पडणाऱ्या वाफा. गोंद, रंग, तारांची आवरणं यांतून निघालेलं द्रव्य थंड भिंगावर बसतं. पदार्थ निवडताना नेहमीची कसोटी अशी: निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर वस्तुमानातली घट १ टक्क्याच्या आत आणि गोठून बसणारं द्रव्य ०.१ टक्क्याच्या आत. पण कोष्टकावर विसंबू नका. उपकरणाबरोबर एक छोटा साक्षी आरसा ठेवा, उपकरण जिथे जाईल तिथे तोही जाईल, आणि दर टप्प्याला त्याचं परावर्तन मोजा. २०११ मध्ये गेलेल्या ‘सुओमी एनपीपी’ उपग्रहावरच्या ‘व्हिअर्स’ या उपकरणाचा प्रतिसाद निकट-अवरक्त पट्ट्यांत घसरत गेला. आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचं प्रदूषण होतं आणि सूर्याच्या अतिनील प्रकाशाने ते काळवंडत होतं. साध्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा आरसा असा असू शकतो.

कॅलिब्रेशन: दिव्यावर आंधळा विश्वास नको

कॅमेऱ्याचा आकडा म्हणजे नेमका किती प्रकाश हे ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन, आकड्याला अर्थ इथे येतो. इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणजे आतून पांढरा गोल. त्यात दिवे लावले की तोंडाशी सगळीकडे सारखा प्रकाश मिळतो. त्याची तेजस्विता प्रमाणित डिटेक्टरने मोजायची आणि कॅमेऱ्याचा आकडा तिच्याशी जोडायचा. एक्स्पोजर दुप्पट केलं तर आकडा दुप्पट होतो का ते पाहा. झाकण लावून, कक्षेत येतील त्या सगळ्या तापमानांना, अंधाराची चित्रं काढा.

एक ठेच सांगते. आमच्या निळ्या पट्ट्याचा प्रतिसाद स्फिअरसमोर अपेक्षेपेक्षा १४ टक्के जास्त आला. गुणक बदलून काम पुढे रेटायचा आग्रह झाला, मी नाही म्हटलं. कॅमेरा गच्चीवर नेला, भर दुपारी उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या फलकाकडे वळवला. तिथे फरक २ टक्क्यांवर आला. उकल सरळ होती. हॅलोजन दिवा निळ्यात दुबळा आणि अवरक्तात प्रखर असतो. निळ्या फिल्टरमधून अवरक्त प्रकाशाची बारीक गळती होती. दिव्यासमोर ती मोठी दिसत होती, सूर्यासमोर नगण्य. गुणक बदलला असता तर कक्षेतलं प्रत्येक निळं मोजमाप चुकलं असतं, आणि पाण्याविषयीची आमची सगळी अनुमानं त्याच पट्ट्यावर अवलंबून होती.

दोन चाचण्यांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा जास्त महागड्या यंत्राची बाजू घेण्याची ओढ असते. हबल दुर्बिणीच्या आरशाचं तेच झालं. तिथे मुख्य चाचणी-उपकरणात एक भिंग १.३ मि.मी. चुकीच्या जागी बसलेलं होतं. साध्या उपकरणांच्या चाचण्यांनी चूक दाखवली होती, पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला आणि ते कळलं १९९० मध्ये, दुर्बीण कक्षेत गेल्यावर. जुळत नसेल तर दोन्ही चाचण्या थांबवा आणि फरकाचं कारण सापडेपर्यंत तिसरी शोधा.

कक्षेतले पहिले महिने

पहिलं सुंदर चित्र काढायची घाई सगळ्यांनाच असते, मलाही. तरी आधी वाफा निघून जाऊ द्या, डिटेक्टर थंड करायचा असेल तर त्यानंतरच करा. मग रात्रीच्या समुद्राकडे बघून अंधाराची चित्रं. हादऱ्यांत काही पिक्सेल बिघडले का ते तिथेच दिसतं.

त्यानंतर जमिनीवरचे पडताळे. ‘रॅडकॅलनेट’ या जाळ्यातली ठिकाणं, जसं अमेरिकेतलं रेलरोड व्हॅली, फ्रान्समधलं ला क्रो, नामिबियातलं गोबाबेब, जमिनीची परावर्तकता आणि हवेची स्थिती स्वतःच मोजत राहतात, आणि ती मोजमापं मोफत मिळतात. लिबियातल्या वाळवंटाचा ‘लिबिया-४’ हा भाग इतका स्थिर आहे की वर्षानुवर्षांची घसरण तिथे पकडता येते. आणि चंद्र: तिथे हवा नाही, ऋतू नाहीत. महिन्यातून एकदा, दर वेळी जवळपास त्याच कलेला, उपग्रह वळवून चंद्र टिपा.

लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं सगळ्यांना खुली आहेत, तुलना त्यांच्याशी करा. मात्र नुसते आकडे शेजारी ठेवू नका. तुमचा लाल पट्टा आणि त्यांचा लाल पट्टा नेमके सारखे नसतात, हिरव्या पिकावर तो फरक काही टक्क्यांचा दिसतो. सूर्याचा कोन आणि बघण्याचा कोनही जुळवून घ्या. स्पष्टतेसाठी लांब सरळ पूल शोधा, स्थानासाठी खडकाळ किनारे.

आणि जमिनीवर एक काम चालूच ठेवा. उडालेल्या कॅमेऱ्याचं जुळं मॉडेल सुटं करू नका, त्याचे भाग दुसऱ्या प्रकल्पाला देऊ नका. आमच्या कॅमेऱ्यात सात महिन्यांनी एका पट्ट्यात दर सोळाव्या स्तंभाला फिकट रेघ यायला लागली. कारणांच्या याद्या झाल्या, किरणोत्सारापासून वीजपुरवठ्यापर्यंत. टेलिमेट्रीत, म्हणजे उपग्रहाने स्वतःच्या प्रकृतीविषयी पाठवलेल्या नोंदींत, इलेक्ट्रॉनिक्सचं तापमान हिवाळ्याच्या कक्षेत उणे ८ पर्यंत गेलेलं दिसत होतं, म्हणून जुळं मॉडेल थंड चेंबरमध्ये ठेवून तेवढ्यावर नेलं. वीस मिनिटांत त्याच सोळाव्या स्तंभाला तशीच रेघ उमटली. थंडीत एका घड्याळ-संकेताची वेळ किंचित सरकत होती. मॉडेलवर विलंब बदलून पाहिला, रेघ गेली. दुसऱ्या दिवशी उपग्रह ग्राउंड स्टेशनवरून गेला तेव्हा तीच आज्ञा वर पाठवली, आणि पुढचा महिनाभर दर रात्री अंधाऱ्या समुद्राचं एक चित्र मागवून सोळावा स्तंभ तपासत राहिलो.